लाह्यांचे दागिने

महादू, काल तुझ्याच ओटीवर उभी राहून मी सोनूकाकीशी भांडले. तुला जाऊन अजून दीड महिना झाला नाही, आणि अशा घरात आवाज चढवू नये हे मलाही कळतं. पण तू असतास तर कोपऱ्यात खाली मान घालून हसला असतास, म्हणून मी तो आणखी चढवला.

भांडण तुझ्या शेवंतीवरून झालं. पोरीची ही पहिली संक्रांत. वर्षभर या घरात सण नाही, असं काकीनं आल्यागेल्याला सांगून ठेवलं आहे. आपल्या बाबांची ती चुलतभावजय, आई-बाबा गेल्यापासून घरची वडीलधारी तीच, तेव्हा तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. संक्रांतीला तीळ भाजले नाहीत, गूळ फोडला नाही, ते मी समजू शकते. पण बोरनहाण रथसप्तमीपर्यंत करता येतं. मी म्हटलं, मी करते, माझ्या घरी, कर्जतला. लग्न झालेल्या बहिणीला सुतक तीन दिवसांचं, ते केव्हाच फिटलं. इथवर काकी गप्प होती. मग मी म्हटलं की शेवंतीच्या अंगावर लाह्यांचे दागिने घालणार, आणि तिचं तोंड सुटलं.

"येक पोर गेली त्या लाह्यांपायी. तुजीच गेली, इंदे! आता भावाची बी घालवतेस का गं?"

"लाह्यांनी नाय गेली माजी पोर," मी म्हटलं. "तापानं गेली."

एवढंसं वाक्य, महादू. ते मी तुझ्यासमोर कधीच बोलले नाही. इतकी वर्षं ते माझ्या घशात अडकून राहिलं आणि शेवटी ऐकायला मिळालं कुणाला, तर काकीला. म्हणून हे लिहायला बसले आहे. लोक गेलेल्या माणसाला हात जोडतात, मी तुझ्याशी भांडणार आहे. थोडं तुझ्याशी, थोडं बाकीच्यांशी, आणि सगळ्यात जास्त माझ्याशी.

तुझे हात मुळातच निराळे होते. नांगर धरायचे, म्हशी पिळायचे ते हेच, पण समोर मोकळी दोरी दिसली की त्यांना चैन पडत नसे. दसऱ्याला दाराला नव्या भाताचं नवं आपलं सगळं कडाव गाव बांधतं. चार लोंब्या, दोन आंब्याची पानं, की झालं. तुझं नवं म्हणजे लोंब्यांची वेणी, आणि तिच्याखाली हलतं झुंबर. बारसं कुणाचंही असो, पाळणा सजवायला बोलावणं तुलाच. लढाई सुरू झाली, बाजारातला रंगीत कागद नाहीसा झाला, तेव्हा तर तुझा जमानाच आला. यंदा मखर नाही म्हणून लोक हळहळत बसले होते. तू केळीची सोपटं सोललीस, बांबूच्या कामट्या तासल्यास, तेरड्याची फुलं टोचलीस आणि मखर उभं केलंस. दिवाळीचा आकाशकंदील जुन्या वर्तमानपत्राचा केलास. त्यावर लढाईच्या बातम्या होत्या, आणि आत पणती लावली की त्या वाचता यायच्या.

पारावरचे बाप्ये तुला सोडत नसत. "म्हादू, पुढच्या जल्मी बाई होऊन ये रं, हळदीकुंकवाला बोलवू तुला."

"ह्याच जल्मी बोलवा की," तू म्हणालास. "येतो. वाण तेवढं चांगलं ठेवा."

ते हसत, तूही हसायचास. मी मात्र हसत नव्हते. आता सांगून टाकते. मी सातवी पास झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी, नवरा रेल्वेत. माझा भाऊ बायकांत बसून माळा ओवतो, हे शेजारणींना सांगायला माझ्या जिवावर यायचं. कुणी विचारलं तर मी म्हणायची, भाऊ शेती करतो, दुधाचे रतीब घालतो. एवढंच.

त्या रतिबापायीच पुढचं सगळं झालं. स्टेशनाजवळ एका कारकुनाच्या घरी तू दूध घालायचास. एका संक्रांतीनंतर त्यांच्या नातवाचं बोरनहाण होतं. बाईंनी तुला दारात थांबवून ते बघू दिलं. तू सायकलला किटल्या तशाच लटकत ठेवून माझ्याकडे आलास, आणि चहासुद्धा न घेता बोलत सुटलास.

"बाय, साखरंचे दागिने! मुकुट हाय, बाजूबंद हाय, कंबरपट्टा हाय, आन् समदा खायाचा! पोरगा रडाया लागला का बाजूबंद चघळतोय. वरनं डोक्यावर बोरा वततात, आन् समदी पोरा तुटून पडतात."

आपल्याकडे तोवर बोरनहाण हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. तू तो घरी घेऊन आलास आणि माझी कुसुम जन्मायची वाट बघत बसलास.

कुसुमची पहिली संक्रांत आली ती ऐन टंचाईत; मी तिला घेऊन कडावला आले होते. हलवा करायचा तर तिळावर साखरेचा पाक थेंबाथेंबानं सोडायचा आणि मंद शेगडीवर तो हातानं फिरवत राहायचा, काटा येईपर्यंत. आमच्या वाट्याला येणारी रेशनची साखर एका बाजूबंदालाही पुरली नसती. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

"भाताच्या गावात साखर कशाला मागायची?" तू म्हणालास. "लाह्या हायत की. लांबनं बगशील तर हलवाच."

लांबून! तुझं सगळं लांबूनच छान असायचं, असं मी तुला चिडवलं. पहिल्या दिवशी झालंही तसंच. साळीची लाही सुईला टिकत नाही, टोचली की तिचा चुरा होतो. तू सूपभर भुगा केलास आणि तो आपण दोघांनी गुळाशी खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी उठले तर तू अंगणात बसलेला. लाह्यांची परडी ओल्या फडक्याखाली दहिवरात ठेवली होतीस. ओलाव्यानं त्या मऊ पडल्या होत्या आणि सुई अलगद आरपार जात होती. ऊन अंगणात उतरलं की परत कडक, मग त्या दिवसापुरतं काम संपलं.

"लाही झोपंत हाय तवर ओवायची, बाय," तू हळू आवाजात म्हणालास, जणू ती खरंच जागी होईल. "जागी झाली का मोडते."

चार सकाळी आपण तसे बसलो. ओवलेल्या माळांवर तू पातळ पाकाचं बोट फिरवायचास, एवढ्यापुरती वाटीभर साखर मी आणली होती. वाळल्यावर त्या चकाकायला लागल्या. हळदीत बुडवलेल्या लाह्या मधूनमधून, सोन्याच्या मण्यांच्या जागी. बांबूच्या कामटीवर काळं चीट गुंडाळून तू मुकुट केलास. कुसुमला पाटावर बसवलं तेव्हा तिनं आधी तुझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या दंडाकडे, आणि बाजूबंदाचा एक घास घेतला. आख्ख्या आळीची पोरं बोरं आणि उसाचे करवे गोळा करत एकमेकांवर पडली.

तेव्हाच सोनूकाकी म्हणाली होती, "मढ्यावर उधळतात त्या लाह्या. लेकराच्या अंगावर घालतात व्हय रं?"

"काकी, दिवाळीला लक्षुमीपुढं त्याच ठेवता. लगनात त्याच होमात टाकता," तू म्हणालास. "लाहीला काय ठावं, ती कुठं चाललीय?"

सगळे हसले. काकीही हसली. काल तिला मी याची आठवण करून दिली, तर म्हणते तिला आठवत नाही.

बाकीचे दागिने पोरांनी मिळून फस्त केले. मुकुटाला मात्र कुसुमनं कुणाला हात लावू दिला नाही. तो मी कर्जतला नेला आणि स्वयंपाकघरात खुंटीला अडकवला.

भाद्रपदात तिला हिवताप आला. त्यावरचं औषध, कोयनेल, कुठेच मिळत नव्हतं, सगळं लढाईवर जात होतं. तू सायकल मारत पावसात खालापूरपर्यंत जाऊन आलास. रिकाम्या हातानं आलास आणि लगेच नेरळला गेलास. तिथूनही रिकामाच. तू परत येईपर्यंत ती गेली होती. त्याच आठवड्यात कडावात खालच्या आळीची दोन पोरं गेली. त्यांच्या अंगावर कुणी कधी लाही घातली नव्हती. पण ते कुणी बोललं नाही. विहिरीवर बोलणं झालं ते एकच, म्हादूनं सणाला मढ्याच्या लाह्या घातल्या आणि भाची गेली.

लोक बोलतात, महादू. लोकांचं मी मनावर घेत नाही. पण मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आणि आपण दोघं सोडून ते कुणाला ठाऊक नव्हतं.

आठवड्यानं तू दूध घेऊन आलास. दारात उभा राहिलास, आत ये म्हणायची वाट बघत. मी खुंटीवरून मुकुट काढला आणि तुझ्यादेखत चुलीत घातला. जळक्या साखरेचा वास घरभर पसरला. तू किटली उचललीस, पायऱ्या उतरलास आणि गेलास. काकी जे तोंडानं म्हणाली, तेच मी हातानं म्हटलं. शाळेत फळ्यावर मीच लिहून देते, हिवताप डासांमुळे होतो. मुली ते वहीत उतरवून घेतात. आणि तरी त्या सकाळी मला कुणीतरी हवं होतं, ज्याच्यामुळे हे झालं असं म्हणता येईल. डासावर किती रागावणार? तू समोर होतास.

त्यानंतर तू एक माळ ओवली नाहीस.

स्वातंत्र्य आलं त्या श्रावणात शाळा सजवायची होती. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, तुमच्या भावाला बोलवा ना. मी चिठ्ठी पाठवली. तू बैलगाडी भरून सामान आणलंस. केळीचे खांब, आंब्याचे टाळे, तासून ठेवलेल्या कामट्या, सगळं नीट लावून पटांगणात उतरवलंस आणि जोखडाला हात घातलास.

"आता बांधून दे की," मी म्हटलं.

"बांधा तुमी. पोरांच्या डोक्यावर माज्या हातचं नको."

मी तुला भाषण दिलं. देश कुठे चाललाय आणि तू कसल्या खुळ्या समजुती धरून बसलायस, शिकलेल्या बहिणीचा भाऊ ना तू, वगैरे. चांगलं पाच मिनिटं बोलले. तू बैलाच्या मानेवरून हात फिरवत ऐकलंस. तुला भाषण नको होतं, एक वाक्य हवं होतं, आणि ते फक्त मीच बोलू शकत होते. मी बोलले नाही. तोरणं आम्हीच बांधली, आणि झेंडा वर जायच्या आत त्यातलं एक मुख्याध्यापकबाईंच्या डोक्यावर पडलं. तू असतास तर पडलं नसतं.

मग शेवंती झाली. बारशाला आत्या म्हणून मी आले, पोरीच्या कानात नाव सांगायचा मान माझा. पाळण्याची दोरी उघडी होती. सगळ्या गावाचे पाळणे सजवणाऱ्याच्या घरी उघडी दोरी! कागद आता बाजारात परत आला होता, म्हणून मी कर्जतहून विकतच्या साखळ्या आणल्या होत्या, त्या गुंडाळल्या. तू गोठ्याच्या दारात उभा होतास. मी कुर्र करून नाव सांगितलं, बायकांनी माझी पाठ बडवली, आणि वर पाहिलं तर तुझी बोटं धोतराच्या सोग्याला पीळ घालत होती. पीळ घालायची, सोडायची, परत घालायची. तिथून तुझ्यापर्यंत दहा पावलं होती. मी चालत आले असते तर काय बिघडलं असतं?

पुढे मार्गशीर्षात तुझी छाती भरली आणि पाच दिवसांत तू गेलास. त्या पाच दिवसांत तुला शुद्ध होती ती दोनच दिवस. त्या दोन दिवसांत मी तुला पेज पाजली, पाय चेपले, आणि बरा झालास की बोलू असं ठरवलं.

तुला नेताना सुपात काय होतं, माहीत आहे? साळीच्या लाह्या. तुझ्याच शेतातल्या. ज्यांनी म्हणे माझी पोर मारली, त्याच मुठी भरभरून तुझ्यावर उधळल्या, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ओटीवरून बघताना मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून गेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

कालच्या भांडणानंतर मी तुझ्या पारूला आणि शेवंतीला गाडीत घालून कर्जतला घेऊन आले. पारूचा भाऊ कुंभिवलीहून तिला माहेरी न्यायला आला होता. तिनं त्याला सांगितलं, "आठ दिसांनी ये." बस. निघताना काकी तिला म्हणाली होती की बोरनहाण करणारच असाल तर आता तू पोरीला मांडीवर घेऊन पुढं बसू नको, सवाशिणीला बसू दे. वाटेत मी हळूच विचारलं, तुझ्या मनात काय आहे. ती म्हणाली, "आई मी हाय, वन्सं. मांडी दुसरीची कशी चालंल?" तुझ्या बायकोला मी गरीब समजत होते. माझं बरंच काही चुकलं, त्यात हेही धर.

आज सकाळी आम्ही दोघी दहिवरात बसलो. माझ्या निम्म्या लाह्या मोडल्या. पारूच्या मोडल्या नाहीत. ओवता ओवता तिनं विचारलं, "ते कसं धरायचे सुई?" आणि मला कळलं की तिनं तुला कधी काही करताना पाहिलेलंच नाही. तुमचं लग्न झालं तोवर तू सगळं सोडलेलं होतंस. तुझ्या बायकोनं तुझ्या हातची एक माळ बघितली नाही, आणि हे माझ्यामुळे झालं.

मग मी तिला सगळं सांगितलं. लढाईच्या बातम्यांचा कंदील, केळीचं मखर, कुसुमचा बाजूबंद. चुलीतला मुकुटही सांगितला. ती थांबली नाही, ओवत राहिली. माळेला गाठ मारून म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांना येकदा. लोक सांगतात तुमी असं असं करायचा, मंग का सोडलं? तर म्हनले, बायला बघवत नाय."

महादू, याचा अर्थ काय घ्यायचा मी? तू स्वतःला दोषी मानत होतास म्हणून सोडलंस, असं मी इतकी वर्षं समजत होते. आणि तू माझ्यासाठी सोडलंस? माझ्या डोळ्यांपुढं लाही येऊ नये म्हणून? मग पटांगणात "माज्या हातचं नको" कशाला म्हणालास? की दोन्ही खरं होतं? तू इथे असतास तर तुझा कान धरून विचारलं असतं. कुणी सांगितलं होतं तुला इतकं जपायला? मी तुझ्यावर आळ ठेवला आणि तू माझी काळजी करत बसलास! हे भांडण तू मला अर्धं टाकून गेलास. यात तू जिंकलास असं मात्र समजू नकोस.

परवा रथसप्तमी. आळीतल्या प्रत्येक घरी मी स्वतः जाऊन बोलावणं केलं आहे. कडावला निरोप पाठवला आहे, सगळ्यात आधी सोनूकाकीला. येईल की नाही माहीत नाही. कुणीच आलं नाही तर बोरं मी एकटी ओतीन, आणि पोरं बोरांसाठी येतातच. कुणी विचारलं की हे दागिने कुणी शिकवले, तर तुझं नाव सांगीन, बापाच्या नावासकट, मोठ्यानं. माझा भाऊ माळा ओवायचा.

मला भीती वाटत नाही असं नाही. कालपासून दहादा तरी मी शेवंतीच्या कपाळाला हात लावून बघितलं. पारूला दिसतं ते. पुढच्या पावसाळ्यात नाहीतर त्याच्या पुढच्या, शेवंतीला ताप येईल. सगळ्याच पोरांना येतो. आला की मी तिला उचलून दवाखान्यात नेईन. आता कोयनेल मिळतं, नाक दाबून पाजीन, रात्रंदिवस बसेन. आणि तेव्हा दारात येऊन कुणी म्हणालंच की हा ताप कशानं आला ते आम्हाला ठाऊक आहे, तर या वेळी मी चुलीकडे वळणार नाही. तोंडावर सांगीन, पोरीला डास चावला. दागिने माझ्या भावाचे होते, आणि ते तिला फार शोभत होते.